करवंटीतले दहा गुंठे

दिवाळीच्या आधी घराघरांतून जी साफसफाईची लाट येते, तिच्यात नवऱ्यांचे फारसे काही चालत नाही, हे आमच्या नेहमीच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. या पानावर दर आठवड्याला मी जे काही लिहितो, त्यातला निम्मा भाग त्या असहायतेचाच असतो. यंदा लाट स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रापर्यंत पोहोचली. दुरुस्तीवाला आला. त्याने यंत्राच्या पोटातून एक पांढरी नळकांडी काढली, नवी बसवली, पैसे घेतले आणि जुनी टेबलावर ठेवून तो निघून गेला.

“आत असतं तरी काय एवढं?” असे म्हणत सौभाग्यवतींनी ती नळकांडी करवतीच्या सुरीने कापली. ओट्यावर काळेभोर, जाडसर रव्यासारखे दाणे सांडले.

“अहो, हा तर कोळसा! एवढे पैसे कोळशाचे?”

“कोळशाचे नव्हेत,” मी म्हणालो, “करवंटीचे.”

आमच्या सौ.नी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेला वीस वर्षांच्या संसाराची धार होती. मराठीचा प्राध्यापक रसायनशास्त्रावर बोलू लागला, की घरच्यांना काळजी वाटणारच. पण या एका विषयात मी अधिकारवाणीने बोलू शकतो. तो अधिकार मी फार महाग किंमत देऊन मिळवला आहे. आणि ती किंमत मी दिली नाही, दुसऱ्याने दिली, ही त्यातली खरी बोच आहे. गेल्या दिवाळीपासून ती मनात आहे. आज या दिवाळी अंकाच्या निमित्ताने सांगून टाकतो.

माझी थोरली बहीण दापोली तालुक्यात समुद्राकाठच्या एका खेड्यात असते. नारळी-पोफळीची वाडी, मागे डोंगर, पुढे पुळण, असे चित्रातल्यासारखे घर. पण ३ जून २०२० या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले आणि दोन-तीन तासांत पिढ्यांनी राखलेल्या बागा आडव्या झाल्या. ताईची अर्ध्याहून अधिक वाडी गेली. घरावरची कौले गेली. घराच्या दुरुस्तीसाठी सोसायटीचे कर्ज काढावे लागले. त्यानंतर दीड वर्षाने भाऊजी गेले. माडाचे रोप लावले तर फळ धरायला सहा-सात वर्षे सहज लागतात; कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला धरतो. ही साधी बेरीज ज्या बाईने चार वर्षे रोज केली असेल, तिचा वाडीवर विश्वास कसा राहावा?

तिचा एकुलता एक मुलगा, आमचे भाचेबुवा, रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाले. मुंबईजवळच्या एका कारखान्यात त्यांना नोकरीही चालून आली. आणि हा पठ्ठ्या म्हणे, “नोकरी नको. मी करवंट्यांपासून सक्रियित कार्बन करणार.”

ताईचा फोन आला. “अरे, मराठीत हातात करवंटी येणं म्हणजे काय, ते तूच शिकवतोस ना मुलांना? मग ये आणि ह्यालाही शिकव. भाऊबिजेला दुसरं काही नको मला. एवढीच ओवाळणी घाल.”

बहिणीने ओवाळणी मागितली, तेव्हा तिला नाही म्हणायची प्राज्ञा कोणाची? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही सहकुटुंब ताईकडे पोहोचलो. बरोबर फराळाचे डबे होते, तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, आणि मनात एक तयार केलेले भाषण होते. त्या भाषणाचा शेवट मी ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ या म्हणीने करायचे ठरवले होते. म्हण समर्पक होती. तिच्यामुळेच पुढे माझी फजिती झाली.

पडवीत एका कोपऱ्यात करवंट्यांचा डोंगर होता. घरच्या नारळांच्या तेवढ्या निघणे शक्यच नव्हते. खाणावळी, देऊळ, लग्नाचे कार्यालय अशा ठिकाणी सायकलीवरून हिंडून त्याने त्या तीन आठवडे गोळा केल्या होत्या. मी भाषणाला सुरुवात करणार, तोच तो म्हणाला, “मामा, तुमची लाल शाई जरा देता का?”

मी अजून शाईचे पेन वापरतो आणि पेपर लाल शाईने तपासतो. कौतुकाने दौत दिली. त्याने दोन ग्लासांत पाणी घेऊन प्रत्येकात शाईचे चार-चार थेंब टाकले. पाणी डाळिंबाच्या रसासारखे झाले. एका ग्लासात त्याने साध्या कोळशाची पूड टाकली. दुसऱ्यात एका लहान बाटलीतली, तशीच काळी दिसणारी पूड तेवढीच टाकली. ही बाटली त्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत स्वतः तयार केलेल्या मालाची होती. दोन्ही ग्लास बराच वेळ ढवळून त्याने गाळणकागदातून गाळले. पहिल्यातून आलेले पाणी गुलाबीच होते. दुसऱ्यातून आलेले पाणी विहिरीतून आताच काढल्यासारखे नितळ!

वाचकहो, माझ्या लाल शाईला आयुष्यात अनेक विद्यार्थी घाबरले आहेत. पण ती अशी नाहीशी झालेली मी प्रथमच पाहत होतो.

“गेली कुठे?” मी विचारले.

“कुठेच नाही. कोळशाच्या अंगाला चिकटून बसली आहे. मामा, ह्याला ‘शोषण’ म्हणायचं नाही हं. ‘अधिशोषण’.”

मी चमकलो. मराठीच्या प्राध्यापकाला रसायनशास्त्राच्या पोराने उपसर्ग शिकवावा! पण त्याचे बरोबर होते. स्पंज पाणी पितो, ते त्याच्या सर्वांगात भिनते, ते शोषण. इथे कोळसा काही पीत नाही. आलेल्या पाहुण्याला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. आणि धरून ठेवायला त्याच्याकडे जागा किती? भाचा म्हणाला, “चांगल्या सक्रियित कार्बनच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो.”

हजार चौरस मीटर हा आकडा माझ्या डोक्यात शिरला नाही. ताई मात्र आतून म्हणाली, “म्हणजे दहा गुंठे.” जमिनीचा हिशेब कोकणातल्या बाईला शिकवावा लागत नाही. एका ग्रॅममध्ये दहा गुंठे! तोळाभर कोळशात पावणेतीन-तीन एकर! ज्या घराची अर्धी वाडी वादळाने नेली, त्या घरातल्या मुलाला एवढ्या जमिनीचा मोह पडला, तर नवल ते काय?

ही जमीन येते कुठून, तेही त्याने मला उकिडवा बसून, काडीने मातीत आकृत्या काढून समजावले. ते थोडक्यात असे. करवंटी हवेत जाळली तर तिची राख होते. हवा तोडून तापवली तर तिच्यातले पाणी, डांबरासारखे द्रव आणि वायू निघून जातात, आणि मागे कार्बनचा सांगाडा उरतो. हा झाला साधा कोळसा. शंभर किलो करवंट्यांमागे तीस किलोच्या आसपास. याच्या अंगी छिद्रे असतात, पण पुष्कळशी डांबराने बुजलेली. मग हा कोळसा आठशे ते हजार अंश सेल्सिअसला लालबुंद तापवायचा आणि त्यावरून पाण्याची वाफ सोडायची. वाफ कोळशाचा थोडा थोडा कार्बन खात आत शिरते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे वायू बाहेर पडतात. एक विषारी, दुसरा स्फोटक, म्हणून हे काम परसातल्या चुलीवर करायचे नव्हे. वाफेने कोरलेली ही बिळे इतकी बारीक, की माणसाच्या केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत तेव्हा एखाद्या बिळाची रुंदी मिळावी. या कोरण्यात कोळशाचाही मोठा भाग खर्ची पडतो. शंभर किलो करवंट्यांच्या शेवटी दहाएक किलो माल हाती आला, तर पुष्कळ.

“म्हणजे जितका पोकळ, तितका मोलाचा?” मी विचारले. मराठीत आपण ‘पोकळ’ हा शब्द नेहमी हिणवायला वापरतो. पोकळ बढाई, बडा घर पोकळ वासा. इथे पोकळी हाच मुद्देमाल होता.

“हो, पण भिंती कणखर हव्यात,” तो म्हणाला. “म्हणून तर करवंटी. ती टणक असते, राख कमी सोडते आणि छिद्रं अगदी बारीक देते. भाताचं तूस घेतलं तर त्याची पाचव्या हिश्श्याच्या जवळपास राखच होते, आणि तीही बहुतेक वाळूचीच जात, सिलिका. ती आधी धुऊन काढावी लागते. शेंगांची टरफलं, पऱ्हाट्या, तुराट्या ह्यांचाही कार्बन होतो. अशा मऊ मालाला बरेचदा आधी फॉस्फरिक आम्लात भिजवून मग कमी आचेवर भाजतात.”

विदर्भात पऱ्हाट्या शेतातच पेटवून देतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या धुरात किती गुंठे जळत असतील, असा विचार प्रथमच मनात आला.

रात्री जेवताना त्याने या कोळशाचा इतिहासही सांगितला. सेंट पीटर्सबर्गच्या लोविट्झ नावाच्या औषधविक्याने १७८५ मध्ये कोळशाने द्रवाचा रंग जातो, हे पाहिले. १९००-०१ च्या सुमारास ऑस्ट्रेयको या शास्त्रज्ञाने कोळशाला वाफेने किंवा क्षारांनी सक्रिय करण्याच्या रीतींची पेटंटे घेतली. आणि २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा साऱ्या जगाला कोळशाची आठवण झाली. रशियात झेलिन्स्कीने कोळशाचा मुखवटा केला. १९१८ मध्ये अमेरिकेत पीचच्या आठळ्या, अक्रोडाची टरफले, नारळाच्या करवंट्या गोळा करायची मोहीम निघाली. शाळेतली पोरेसुद्धा आठळ्या जमवत होती. फळ खाऊन फेकलेल्या आठळीमुळे खंदकातला कोणी एक सैनिक श्वास घेत होता. आजही विष पोटात गेलेल्या रोग्याला वेळेत आणले, तर डॉक्टर काही विषांवर हाच कोळसा देतात. घरातल्या चुलीतला नव्हे, बरे का! आणि आम्ले, रॉकेल अशांवर तोही चालत नाही.

“एवढं सगळं खरं,” ताई वाढता वाढता म्हणाली. “पण सोसायटी हप्ता घेते तो रुपयांत, गुंठ्यांत नाही.”

कोणीच बोलले नाही. तिचे खरे होते, आणि ते सर्वांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, त्याने पिंप पेटवले. दोनशे लिटरचे लोखंडी पिंप, बुडाशी चार भोके. आधी थोड्या करवंट्या पेटवल्या, मग वरून भर घालीत गेला. प्रथम पांढरा दाट धूर आला, तो ओलाव्याचा. मग पिवळसर, डोळे चुरचुरवणारा. शेवटी विरळ निळसर झाला, तशी त्याने बुडाची भोके मातीने लिंपली, झाकण ठेवले आणि कडेने ओल्या मातीचा लेप दिला. हा कोळसा तो एका व्यापाऱ्याला नमुना म्हणून दाखवणार होता. व्यापारी भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी येणार होता. माल पसंत पडला असता, तर कोळशाचा तरी धंदा लगेच सुरू होणार होता.

“आता सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही,” तो म्हणाला.

त्या रात्री मला झोप येईना. ताईला काय सांगावे, याचा विचार करीत मी अंगणात आलो. पिंपाला हात लावून पाहिला, कोमट. विझलेले दिसते, असे मला वाटले. आत खरोखरच कोळसा झाला आहे, की पोराची सगळी मेहनत फुकट गेली आहे, हे कळले तर उद्या बोलणे सोपे जाईल, असाही एक साळसूद विचार मनात आला. मी माती खरवडली, झाकण उचलले, विजेरी लावली. आत काळ्याशार, खणखणीत करवंट्या. काठीने एकदोन हलवून पाहिल्या. मग झाकण परत ठेवले, माती हाताने चोपली आणि समाधानाने जाऊन झोपलो.

सकाळी पिंप उघडले, तेव्हा वरचा अर्ध्याहून अधिक भाग पांढरी राख झाला होता.

भाचा काही वेळ नुसता पाहत उभा राहिला. मग म्हणाला, “माझंच चुकलं. लेप नीट बसला नसणार. कुठून तरी हवा लागली.” ताई पायरीवर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण सुटका होती. “बघ,” ती म्हणाली, “देवानंच सांगितलं. आता तरी जा नोकरीवर.” आणि माझ्याकडे वळून, “तू का गप्प? सांग की त्याला.”

मी गप्प राहिलो. वाचकहो, हे लिहिताना आजही हात अडखळतो. मी ज्या कामासाठी आलो होतो, ते माझ्या न बोलण्याने आपोआप होत होते. बहिणीची ओवाळणी घातली जात होती, आणि तीही फुकटात. दिवसभर तो मुलगा त्या राखेतून उरलेले तुकडे वेचत होता, आणि मी पडवीत बसून लाल शाईने मुलांच्या चुका दाखवीत होतो.

संध्याकाळी पाट मांडला गेला. ताईने निरांजन ओवाळले, कुंकू लावले, आणि ओवाळणीसाठी ताम्हन पुढे केले. त्या निरांजनाच्या उजेडात माझ्याने खोटे बसवेना.

“ताई, रात्री झाकण मी उघडलं होतं,” मी म्हणालो.

ताम्हन तिच्या हातात तसेच राहिले. भाचा दारात उभा होता. तो रागावला असता तर बरे वाटले असते. तो एवढेच म्हणाला, “मामा, बाहेरून गार लागतं हो. आत धग असते. हवा मिळाली की ती पुन्हा पेटते.” आणि थोड्या वेळाने, “मग लेप बरोबर होता तर!” असे म्हणून चक्क हसला. दिवसभर तो मालासाठी नव्हे, स्वतःच्या हाताच्या भरवशासाठी झुरत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. तो भरवसा मी त्याच्याकडून दिवसभर हिरावून घेतला होता.

ताई मात्र हसली नाही. “मोठा प्राध्यापक!” ती म्हणाली. “लहानपणी माझ्या भातुकलीतली खीर शिजायच्या आत बोट घालून बघायचास, तोच तू.” आणि मग तिचे डोळे भरले. “मीपण तेच करतेय का रे?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण ओवाळणी घालायची राहिली होती. मी म्हणालो, “वर्षभराचे हप्ते मी भरतो. दान नव्हे, नुकसानभरपाई आहे. तेवढं एक वर्ष ह्याचं झाकण आपण कोणी उघडायचं नाही.” मागून आमच्या सौ.चा आवाज आला, “आणि दाराला कडी मी घालीन.” तिने परवानगी अशी दिली.

पुढची गोष्ट परीकथेसारखी नाही. व्यापाऱ्याने उरलेला नमुना पाहिला, माल चांगला म्हणाला, पण एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवणे परवडणार नाही, असे सांगून गेला. भाच्यानेही कागदावर हिशेब मांडला आणि मान्य केले, की कोळसा घरी होईल. पण वाफेची भट्टी म्हणजे लाखांचे काम, आणि ते हाताखाली शिकल्याशिवाय करणे धोक्याचे. मग त्याने स्वतःच तोड काढली. चालून आलेली नोकरी सोडली आणि दक्षिणेत करवंटीचा कार्बन करणाऱ्या एका कारखान्यात, कमी पगारावर, रात्रपाळीला लागला. ताईला हे अजून पुरते पटलेले नाही. पण ती आता खाणावळीवाल्यांकडून करवंट्या मागवून ठेवते, आणि सुट्टीवर आला की तो पिंप लावतो. वादळानंतर लावलेल्या माडांपैकी दोघांना यंदा पोय आली आहे.

मी भाषणासाठी नेलेली म्हण न वापरताच परत आणली. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ हे खरेच आहे. त्या बाटलीतली पूडही काळीच होती. लाल शाईचे पाणी मात्र नितळ झाले होते. वर्गात ही म्हण शिकवताना मी आता ही गोष्ट सांगतो. एखाद्या मुलाला उद्देशून ती पूर्वी मी किती वेळा वापरली असेन, ते मात्र सांगत नाही.

यंदाही भाऊबिजेला ताईकडे जायचे आहे. भाचा रजा काढून येणार आहे. परवा ताईचा फोन आला. “ये, पण ऐक,” ती म्हणाली. “पाडव्याला पिंप लावायचं ठरलंय. तुझं अंथरूण ह्या खेपेला माजघरात. आणि विजेरी घरी ठेवून ये!”